कॉर्डेलियाचा विसर

सॅम्युएल जॉन्सन हा काही हळवेपणासाठी प्रसिद्ध असलेला माणूस नव्हे. इंग्रजी भाषेचा मोठा कोश त्याने जवळजवळ एकहाती रचला, चार लोकांत बसला की समोरच्याचा मुद्दा तो क्षणात निकालात काढी, आणि दोष दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने शेक्सपिअरचीही गय केली नाही. हाच जॉन्सन १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांची आपण संपादित केलेली आवृत्ती प्रसिद्ध करतो आणि ‘किंग लिअर’वरच्या टिपणात लिहून जातो, की फार वर्षांपूर्वी कॉर्डेलियाच्या, म्हणजे लिअर राजाच्या धाकट्या मुलीच्या, मृत्यूने आपल्याला असा काही धक्का बसला होता, की संपादक म्हणून त्या पानांना हात घालणे भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचणे आपल्याला कधी सोसले होते की नाही, हेही आपल्याला सांगता येत नाही. एका वाचकाने एका शेवटाबद्दल इतकी सरळ साक्ष दिलेली मी क्वचितच वाचली आहे. मात्र या धक्क्याचे जे कारण तो देतो, तिथे माझे आणि त्याचे जमत नाही. न्याय्य बाजूने उभ्या राहिलेल्या सद्गुणी मुलीचा नाश व्हावा, हे माणसाच्या उपजत न्यायबुद्धीला, वाचकाच्या आशेला आणि जुन्या बखरींनाही सोडून आहे, असे त्याचे म्हणणे. पण अन्यायाचे म्हणाल तर तो पहिल्या प्रवेशापासून रंगमंचावर ठाण मांडून बसलेला असतो. पाचव्या अंकापर्यंत आपण त्याला पुरते सरावलेले असतो. मला तो शेवट छळतो तो त्यातल्या विसरामुळे. कॉर्डेलिया मारली जाते, त्याच्या आधी ती विसरली जाते, आणि विसरणाऱ्यांत मीही असतो.

मराठी वाचक या नाटकापाशी बहुधा ‘नटसम्राट’च्या वाटेने येतो, मीही तसाच आलो. २३ डिसेंबर १९७० रोजी धी गोवा हिंदू असोसिएशनने ते नाटक प्रथम रंगमंचावर आणले, श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, आणि तेव्हापासून मराठी मनात लिअर म्हणजे मुलांनी घराबाहेर काढलेला म्हातारा बाप, हे समीकरण पक्के झाले. कुसुमाग्रजांनी लिअरमधले जे घेतले ते अचूक घेतले: कृतघ्नता, बेघरपण, वादळात सुटलेली जीभ. पण अप्पासाहेबांना नंदा आणि नलू अशी दोनच अपत्ये आहेत. राज्याच्या वाटणीच्या वेळी बापाशी तोंडपुजे बोलायला नकार देणारी, आणि म्हणून हाकलली गेलेली तिसरी, धाकटी मुलगी तिथे नाही. मायेची जी जागा मूळ नाटकात तिची, ती इथे कावेरीकडे जाते, आणि कावेरी जाते तेव्हा आपण रडतो खरे, पण त्या मरणामागे कुणाचा लेखी हुकूम नसतो. त्यामुळे विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हाती घेतला तेव्हा म्हाताऱ्याच्या हालअपेष्टांसाठी माझ्या मनाची तयारी झालेली होती, कॉर्डेलियासाठी मुळीच नव्हती.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या स्वतःच्या प्रेक्षकांचीही तशी तयारी नसणार. शेक्सपिअरने जिचा आधार घेतला त्या होलिन्शेडच्या बखरीत लिअर धाकट्या मुलीच्या आणि जावयाच्या फौजेनिशी परत येतो, जिंकतो, पुन्हा दोन वर्षे राज्य करतो आणि म्हातारपणाने मरतो. कॉर्डेलियाचा तुरुंगवास आणि तिची आत्महत्या हे सगळे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, भाच्यांच्या बंडात घडते. १६०५ साली याच कथेवरचे एक जुने नाटक छापून बाजारात आले होते आणि त्याचाही शेवट गोड होता. टॉल्स्टॉयला पुढे शेक्सपिअरपेक्षा ते जुने नाटकच सरस वाटले, ही त्याच्या हट्टीपणाला शोभणारी गोष्ट आहे. म्हणजे २६ डिसेंबर १६०६ च्या रात्री, नाताळच्या सुटीत, राजा जेम्ससमोर व्हाइटहॉलच्या राजवाड्यात हे नाटक झाले, तेव्हा समोर बसलेल्या जाणत्या मंडळींना कथा ठाऊक होती. बापलेक शेवटी सुखरूप सुटतात, एवढी खात्री मनाशी धरूनच ती बसली असणार.

आता तो शेवटचा प्रवेश जरा सावकाश पाहू. लढाई कॉर्डेलियाच्या बाजूने हरली आहे. लिअर आणि ती कैदी आहेत, आणि म्हाताऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही. पिंजऱ्यातल्या पाखरांसारखे आपण दोघेच गात बसू, असे तो तिला सांगतो. शिपाई दोघांना घेऊन जातात. लगेच विजयी फौजेचा एक सेनानी एडमंड, ग्लॉस्टर या सरदाराचा अनौरस मुलगा, एका कप्तानाच्या हातात चिठ्ठी देतो. चिठ्ठीत काय आहे ते उघड सांगितलेले नाही, पण काळ असेल तसे माणसाने व्हावे, हळवेपणा तलवारीला शोभत नाही, हे एडमंडचे बोलणे ऐकल्यावर सांगायचे फारसे काही उरत नाही. १६०८ च्या छापील प्रतीत या कप्तानाला दीड ओळीचे उत्तर आहे: मला गाडी ओढता येत नाही, वाळके ओट खाता येत नाहीत, माणसाने करण्याजोगे काम असेल तर करीन. सैन्यातून सुटल्यावर पोट कसे भरायचे, याची चिंता असलेला हा माणूस. तो जातो, आणि इथून घड्याळ सुरू होते.

ऑल्बनी येतो. लिअरची थोरली मुलगी गॉनरिल हिचा हा नवरा नाटकाच्या पूर्वार्धात मिळमिळीत वाटतो, पण आता तो सज्जनांच्या बाजूला आला आहे, आणि कैद्यांना माझ्या ताब्यात द्या, अशी मागणी तो आल्या आल्या करतो. इथेच सारे निभावले असते. एडमंड गोड बोलून टाळतो: त्यांना दूर ठेवले आहे, आज आपण सगळे दमलेलो आहोत, उद्या किंवा पुढे कधी चौकशी करू. ऑल्बनीला राग येतो, पण कशाचा, तर एडमंड आपल्याशी बरोबरीच्या नात्याने बोलला याचा. त्याबरोबर लिअरची मधली मुलगी रेगन एडमंडची बाजू घेते, गॉनरिल तिच्यावर तुटून पडते, एडमंड नक्की कुणाचा यावरून दोघी बहिणींचे जुंपते, ऑल्बनी एडमंडला राजद्रोहासाठी अटक करतो, हातमोजा फेकला जातो, विष दिलेली रेगन कण्हत आत नेली जाते, तुतारी तीनदा वाजते, आणि चेहरा झाकलेला एक योद्धा पुढे येतो. लग्नघरात मानापमान रंगले, की आतल्या खोलीतल्या आजारी माणसाला औषध द्यायचे राहून जाते, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की आतल्या खोलीत इथे फास तयार होतो आहे.

द्वंद्व होते. एडमंड कोसळतो. योद्धा म्हणजे त्याचाच सावत्र भाऊ एडगर. आता तरी कुणीतरी कैद्यांची आठवण काढील, तर नाही. ऑल्बनी एडगरला मिठी मारून विचारतो, की इतके दिवस तू कुठे लपला होतास, आणि एडगर सांगू लागतो. फार सुंदर सांगतो. डोळे काढलेल्या बापाला, ग्लॉस्टरला, आपण हात धरून कसे फिरवले, त्याच्यासाठी भीक कशी मागितली, ओळख मात्र अर्ध्या तासापूर्वीच कशी दिली, आणि ती ऐकून आनंद आणि दुःख यांच्या ओढाताणीत त्या जर्जर काळजाचा हसत हसत कसा स्फोट झाला. ओळख इतकी उशिरा दिली हा आपला अपराध, असे तो स्वतःच म्हणतो. आणि त्यावर मरणाच्या दारातला एडमंड, समोरच्यांत ज्याला एकट्याला त्या चिठ्ठीतला मजकूर ठाऊक आहे, तो काय म्हणतो? तुझ्या बोलण्याने मी हेलावलो आहे, यातून कदाचित काही भले होईल. पण तू बोल, तुला आणखी काही सांगायचे आहेसे दिसते.

या एका ओळीवर मी दर वेळी थांबतो. एडमंडला पश्चात्ताप होऊ लागला आहे, आणि तरी तो पुढची गोष्ट ऐकायला मागतो. दुष्टपणाने नव्हे, गोष्ट चांगली चालली आहे म्हणून. त्याच गोष्टीत मीही गुंतलेलो असतो. त्यानंतर रक्ताने माखलेली सुरी घेऊन एक जण धावत येतो, दोन्ही बहिणी मेल्याची बातमी येते, आणि मागोमाग केंट येतो, लिअरने हद्दपार केल्यावरही वेष पालटून त्याचीच चाकरी करणारा सरदार. आपल्या राजाचा अखेरचा निरोप घ्यायला मी आलो आहे, तो इथे नाही का, असे तो विचारतो. तेव्हा ऑल्बनीच्या तोंडून निघते, की केवढी मोठी गोष्ट आपण विसरलो! मी पहिल्यांदा वाचत होतो तेव्हा या ओळीने माझ्या अंगावर काटा आला, कारण राजाला आणि कॉर्डेलियाला आत नेल्याला तोवर जवळजवळ दोनशे ओळी उलटल्या होत्या आणि मधल्या एकाही ओळीत मला त्यांची आठवण झालेली नव्हती.

शेक्सपिअरचा निर्दयपणा इथेही संपत नाही. ऑल्बनी राजाबद्दल विचारतो खरा, पण तेवढ्यात गॉनरिल आणि रेगन यांची प्रेते आणली जातात आणि त्याचे लक्ष पुन्हा उडते. केंटला तो ती प्रेते दाखवत बसतो. एडमंडही दोन प्रेतांकडे पाहून म्हणतो, की काहीही असो, एडमंडवर कुणाचे तरी प्रेम होते. त्यानंतर कुठे त्याला आठवते, की आपल्या स्वभावाविरुद्ध का होईना, एक चांगले काम करायचे राहिले आहे. मग धावाधाव. ऑल्बनी ओरडतो, पळा, पळा! एडगर विचारतो, कुणाकडे, हुकूम कुणाकडे आहे, खूण म्हणून काय न्यायचे? एडमंड आपली तलवार देतो. देव तिचे रक्षण करोत, असे ऑल्बनी म्हणतो, आणि पुढची ओळ ही रंगसूचना आहे: कॉर्डेलियाला हातांवर घेऊन लिअर प्रवेश करतो.

प्रायोगिक रंगभूमीवर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला या प्रवेशात निव्वळ कारागिरीचा घोळ दिसतो. नाटककाराला दोन कथानकांच्या गाठी एकाच जागी मारायच्या होत्या, त्यामुळे एडगरची लांबण आली, आणि ऑल्बनीची ती ओळ म्हणजे ठिगळ. दिग्दर्शकाने सरळ कात्री चालवावी, असे तो म्हणतो. पुष्कळ दिग्दर्शक ती चालवतातही. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात, म्हणजे फोलिओ प्रतीतही, एडगरच्या निवेदनातला केंटविषयीचा भाग नाही, म्हणजे कात्रीची परंपरा बरीच जुनी आहे. पण ती विस्मरणाची ओळ मात्र दोन्ही प्रतींत आहे. जिथे नुसता घोळ झाकायचा असतो, तिथे नाटककार प्रेक्षकाचे लक्ष त्याकडे मुद्दाम वेधत नाही. शिवाय उशीर हा या नाटकात सर्वांना जडलेला रोग आहे. एडगर बापाला ओळख देणे पुढे ढकलत राहतो. चौथ्या अंकात कॉर्डेलिया केंटला म्हणते, की आता हे नोकराचे कपडे उतर. तर तो म्हणतो, इतक्यात नको, योग्य वेळ आली की मी स्वतःच प्रकट होईन. ती योग्य वेळ येते ती कॉर्डेलियाचे प्रेत समोर असताना. केंट सांगू लागतो की तुमचा तो नोकर केयस तो मीच, आणि लिअरच्या डोक्यात काही शिरत नाही. पाच अंकांची सेवा, आणि तिची पावती घ्यायला मालक शुद्धीवर नाही.

‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्येही पत्र उशिरा पोचते, पण तिथे साथीच्या भयाने संन्याशाला घरात कोंडून ठेवलेले असते, नशिबाला बोल लावून आपण मोकळे होतो. इथे नशीब कुठेच नाही. कैदखाना हाकेच्या अंतरावर आहे, हुकूम रद्द करणारा माणूस समोर पडला आहे, सोडवणारे सगळे सज्जन आहेत. ते फक्त दुसरीकडे पाहत आहेत, आणि पाहण्यासारखे तिकडे पुष्कळ आहे.

हा शेवट इंग्रजी रंगभूमीला सोसला नाही. १६८१ साली नेहम टेट या कवीने नाटक नव्याने रचले: लिअर पुन्हा गादीवर बसला, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न लागले, आणि विदूषकाला रजा मिळाली. पुढची सुमारे दीडशे वर्षे लंडनच्या प्रेक्षकांनी लिअर म्हणून हेच पाहिले. त्यातही तिसऱ्या जॉर्जला वेड लागल्यावर काही वर्षे ते नाटक रंगमंचावरून दूरच ठेवले गेले होते, कारण वेडा राजा दाखवणे राजदरबारी बरे दिसले नसते. १८२३ मध्ये एडमंड कीन या नटाने दुःखान्त परत आणला, आणि विदूषक यायला १८३८ मधल्या मॅक्रेडीच्या प्रयोगाची वाट पाहावी लागली. टेटला हसायची आता प्रथा आहे. जॉन्सन मात्र त्याच्या बाजूने होता. लोकांनी आपला कौल दिलेला आहे, असे तो लिहितो, आणि त्याच्या लिहिण्यात सुटकेचा निःश्वास ऐकू येतो.

आपण तरी टेटला हसू नये. आपल्याकडे हेच काम भवभूतीने केले आहे, आणि तो तर विदर्भातल्या पद्मपूरचा. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता भूमीच्या पोटात जाते आणि राम हात चोळत राहतो. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात रामासमोर त्याच्याच आयुष्याचे नाटक केले जाते, आणि ते पाहून तो मूर्च्छित पडला असताना खरी सीता येऊन त्याला स्पर्श करते. कथा तीच, शेवट उलटा. पण भवभूतीने ही सीता फुकट दिलेली नाही. त्याआधी तिसऱ्या अंकात त्याने रामाला पंचवटीत नेऊन उभे केले आहे, सीता अदृश्य रूपात शेजारी आहे, आणि आपण काय केले ते राम एकेका झाडापाशी आठवतो आहे. विसरलेल्याला आठवण करून देण्यासाठीच जणू तो सगळा अंक रचला आहे. टेटचा लिअर मुलीला परत मिळवतो, पण त्यासाठी कुणालाही काही आठवावे लागत नाही. एक झटापट होते, मदत वेळेवर पोचते आणि काम भागते. माझी तक्रार त्याच्या गोडपणाबद्दल नाही, त्या वेळेवर पोचण्याबद्दल आहे.

कॉर्डेलियाला घेऊन आल्यानंतरचे लिअरचे वागणे मी पुष्कळदा वाचले आहे. तो आरसा मागतो, श्वासाने काच धुरकटली तर ती जिवंत आहे म्हणून. मग पीस धरतो. पीस हलले, असे त्याला वाटते. लोक मध्ये मध्ये बोलतात तर तो चिडतो, की तुमच्यामुळे उशीर झाला, मी तिला वाचवू शकलो असतो. मग त्याला वाटते की ती काहीतरी म्हणाली, आणि तो कान लावतो. तिचा आवाज नेहमीच मृदू आणि हळू होता, असे सांगतो. हेच सांगणारा माणूस पहिल्या अंकात, तिचे हळू बोलणे ऐकून घ्यायला एक क्षणही थांबला नव्हता.

त्याच्या मृत्यूबद्दल दोन छापील प्रती दोन गोष्टी सांगतात. १६०८ च्या प्रतीत तो नुसता कण्हतो आणि आपल्याच काळजाला फुटायला सांगून मरतो. फोलिओत ते वाक्य केंटच्या तोंडी गेले आहे. ‘कधीच नाही’ हे शब्द तीनदा होते ते पाचदा झाले आहेत. आणि लिअर जाता जाता सगळ्यांना कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहायला सांगतो, तिकडे बघा, तिकडे बघा. या ओळींवरून ए. सी. ब्रॅडली या समीक्षकाने १९०४ साली असे मांडले, की ती जिवंत आहे या असह्य आनंदातच लिअरचा प्राण जातो. ते मानले, तर एडगरने सांगितलेले ग्लॉस्टरचे मरण हीच लिअरच्या मरणाची रंगीत तालीम ठरते, आणि ज्या गोष्टीपायी उशीर झाला तिलाही एक अर्थ येतो. पण मला हा दिलासा घेववत नाही. मला त्या ओळीत एवढेच दिसते, की सगळा प्रवेशभर ज्यांनी दुसरीकडे पाहिले, त्यांना एक मरणारा माणूस सांगतो आहे की आता तरी इकडे पाहा. आणि ते पाहतात.

त्याच्या थोडे आधी तो एक बटण सोडायला सांगतो. ते त्याच्या स्वतःच्या गळ्याशी आहे की तिच्या, हे कळत नाही. सोडतो कोण, तेही लिहिलेले नाही. वादळात कपडे फाडून टाकणारा हा राजा आता बटणासाठी विनंती करतो, आणि काम झाल्यावर आभार मानतो. या लांबलचक प्रवेशात ज्याची मागणी झाली आणि जे वेळच्या वेळी पुरे झाले, असे काम हे एवढेच. रंगमंचावर त्या क्षणी कुणाचा हात पुढे येतो, हे दिग्दर्शकाने ठरवायचे. मी ठरवणार असेन तर तो केंटचा असेल, आणि लिअर त्याच्याकडे न पाहताच आभार मानील.

ऑल्बनीचे मात्र मला आजवर कोडे सुटलेले नाही. लिअर मुलीवर वाकलेला असताना हा राज्यकारभाराचे बोलत असतो: म्हाताऱ्या राजाला त्याची सत्ता परत देऊ, मित्रांना पुण्याचे आणि शत्रूंना पापाचे फळ मिळेल. जॉन्सनला जो शेवट हवा होता तोच हा, नाटकातल्याच एका पात्राने वाचायला घेतलेला. आणि ते वाक्य पुरे होते न होते तोच, पाहा, पाहा, म्हणून त्याला थांबावे लागते. लिअर मरतो. त्यानंतर हा सज्जन माणूस वळून काय करतो, तर केंट आणि एडगर या दोघांना सांगतो, की आता तुम्ही दोघे मिळून हे राज्य चालवा. ज्या नाटकाचा सारा अनर्थ एका राज्याच्या वाटणीने सुरू झाला, त्याच्या शेवटच्या पानावर पुन्हा वाटणीचा प्रस्ताव येतो. केंट नकार देतो. त्याला मालकाच्या मागे जायचे आहे. एडगर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. शेवटच्या चार ओळी जुन्या प्रतीत ऑल्बनीच्या नावावर आहेत आणि फोलिओत एडगरच्या, त्यामुळे ब्रिटनच्या गादीवर पुढे बसले कोण, हे आपण कोणती प्रत उघडतो त्यावर ठरते.